अंगठ्याला बांधलेली दोरी

आमच्या खोलीत चौघं झोपतात,
तिघं चटईवर, एक चाकांवर.

म्बालेच्या खालच्या अंगाला, नामातालात,
दार इतकं अरुंद
की मुडेबो रोज रात्री हँडल मुरडून तिला आत घेतो,
अडेल गाय गोठ्यात ढकलावी तसा,
आधी डोकं, मग कुल्ला.
पहिला तासभर खोलीला पेट्रोलचा वास
आणि अंधारात निवत जाणारं लोखंड:
टक्... टक्...
नांदुदू म्हणते, ती झोपेत दात खाते.

मागच्या चाकाला साखळी,
साखळीला कुलूप,
कुलुपाला माझा जुना मोजा, वाजू नये म्हणून.
पेट्रोलचा कॉक बंद.
सीटखाली एक चोरबटण,
ते दाबल्याशिवाय ती हूं की चूं करत नाही.
(मला त्याने ते दाखवलं लग्नाच्या तिसऱ्या वर्षी.)
टाकीच्या पोटाखाली खिळ्याने कोरलंय
त्याच्या मेलेल्या आईचं नाव.
चोर रंग बदलतो, नंबर बदलतो,
पण पोटाखाली कोण हात घालतोय, म्हणतो.

आणि एवढं सगळं करून शेवटी दोरी.
एक टोक पुढच्या चाकाच्या आऱ्यांत,
दुसरं त्याच्या उजव्या अंगठ्याला.

हसू नका.
त्याच्याच स्टेजवरच्या वोपाटाला
एका सभ्य गिऱ्हाइकाने सोडा पाजला,
सिरोंकोच्या रस्त्यावर, संध्याकाळी.
शुद्धीवर आला तो मक्याच्या शेतात,
बूट नाहीत, गाडी नाही,
हेल्मेट मात्र डोक्यावर तसंच, पट्टा लावलेलं.
गाडी गेली, हप्ता राहिला.
सॅकोची बाई वहीत बोट ठेवून
त्याला दर महिन्याला वाचून दाखवते.

आमचे अकरा बाकी होते.

मागच्या गुरुवारी, कोंबडा आरवायला अजून वेळ होता,
दोरी ओढली गेली.

मला आधी त्याचा श्वास ऐकू आला,
मग उशाखालून कोयता निघाल्याचा आवाज,
तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता
तरी ओळखला.
"कोण आहे?" तो ओरडला,
आणि त्याचा हात वर गेलेला मला दिसला,
दिसला म्हणजे काय,
फटीतून येणारा उजेड तेवढ्या जागी तुटला.

दाराकडून उत्तर आलं,
"बाबा, शू आलीय."

दोरीत पाय अडकून
ती एका पायावर उभी होती,
दुसऱ्या हाताने सीटला धरून.

बाहेर तिला मीच नेलं.
तिने विचारलं, बाबा कुणाला रागावला?
मी म्हटलं, डासाला.
परत आलो तर तो चाकाशी बसलेला,
दोरी अजून अंगठ्याला,
अंगठा फुगून जांभळा,
आणि तो सोडायला गाठ शोधत होता,
स्वतःच मारलेली गाठ, सापडत नव्हती.
दातांनी तोडली शेवटी मी.

सकाळी त्याने चहा घेतला नाही.
गाडी बाहेर काढली, पुसली, गेला.
आम्ही बोललो नाही.
कोयता पिठाच्या डब्यामागे ठेवलाय.
त्याने विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

रात्री चटई अंथरली तेव्हा
नांदुदूने पाय पुढे केला.
"माझ्या बांध. नाहीतरी मीच उठते."
मुडेबो तिच्या इवल्याशा अंगठ्याकडे बघत राहिला,
नखात चिखल अडकलेला,
आणि मग इतका वेळ खोकला
की शेजारच्या बाईने भिंत ठोकली.

आता दोरी माझ्या मनगटाला असते.
हललं काही, की आधी मला कळतं:
पोर, की नवरा, की गाडी.
तो घोरतो. घोरू दे,
दिवसभर पाठीवर लोकांना वाहतो.

काल हप्ता भरला, अकराचे दहा झाले.
येताना बाजारातून नवी दोरी आणली,
हिरवी, नायलॉनची,
पहिल्यापेक्षा हातभर लांब,
म्हणजे कुशीवर वळता येईल.