उसना ताप

बिल कमी यावं म्हणून
काटा मीच खाली केला होता.
एकतीसवरून चोवीसवर.
स्लावोमीर गेल्यानंतरचा पहिला हिवाळा,
ओस्त्रावात उणे अकरा,
आणि कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीकडे
मी बघतही नव्हते फारशी.
आठवड्याला पाणी,
महिन्याला चिमट्यात धरून एक उंदीर,
तोही तोंड फिरवून.
माझं तोंड. तिचं नव्हे.

मग तिनं उंदीर घेणं सोडलं.
मान उभी करून राहू लागली,
जबडा किंचित उघडा,
ओठाच्या कडेला बुडबुडा,
श्वासागणिक बारीक शिट्टी.
ही शिट्टी माझ्या ओळखीची.
खाणीतली बावीस वर्षं
रोज रात्री माझ्या उशीशेजारी वाजायची.

ट्रामनं नेली तिला.
अजगर उशीच्या अभ्र्यात, अभ्रा कोटात,
मध्ये गरम पाण्याची पिशवी.
शेजारणीनं विचारलं, मांजर का?
मी म्हटलं, हो. म्हातारी आहे.

डॉक्टर वोंद्राच्कोवानं घशातून कापूस फिरवला,
काय उगवतं बघू, म्हणाली.
उगवलं ते नळाच्या पाण्यातलंच,
तुमच्याआमच्या हातावरचं.
धडधाकटाच्या वाटेला जात नाही ते,
गारठलेल्याला गाठतं.
"सात इंजेक्शनं. दर बहात्तर तासांनी.
अंगाच्या पुढच्या भागात; मागचं रक्त आधी मूत्रपिंडात जातं.
आणि ऊब. नुसत्या औषधानं भागणार नाही.
आपल्याला ताप चढतो, हेड्विकाला नाही चढत.
तिचा ताप तुम्ही द्यायचा."

पेटी गार कुणी केली,
हे तिनं विचारलंच नाही.
वाटेत घोकलेलं उत्तर
तसंच घरी परत आणलं.

फ्रीझरमध्ये आलुबुखारच्या उंड्यांशेजारी
सात सिरिंजा, पेन्सिलीएवढ्या.
भिंतीवर कॅलेंडर, रोज एकाचा नामदिन.
एडिताच्या दिवशी पहिली:
हात कापला, अर्धं औषध खवल्यांवरून ओघळलं.
दुसरीला तिनं फूत्कार टाकला, मी शिवी दिली.
तिसरीला जमलं.
खवल्यात नाही, दोन खवल्यांच्या मधे,
स्वेटरची शिवण उसवताना घालतो तशी सुई.

चौथी बावीस जानेवारीला. स्लावोमीर.
दरवर्षी या दिवशी खसखशीचा केक,
आणि पहिला तुकडा तो काचेबाहेरून तिला दाखवायचा:
घेणार का, बाईसाहेब?
मी चिडायचे. पहिला तुकडा माझा असायला हवा होता.
यंदा केक नाही केला.
सिरिंज तळहातात धरून विरघळवली,
टोचली, सुई काढली,
तर ती हळूहळू मनगटाभोवती वळली आणि थांबली.
प्रेमानं नव्हे. डॉक्टरांनी सांगितलंय,
तसलं काही नसतं त्यांच्यात.
माझं मनगट गरम होतं, एवढंच.
रात्रीचे दोन वाजेपर्यंत
मी हात हलवला नाही.

मारिकाच्या दिवशी सातवी झाली.
शिट्टी अजून आहे, कान लावला तर.
आणखी तीन द्या, म्हणाली डॉक्टर.
पान उलटलं: तीन फेब्रुवारी, ब्लाझेय.
घशाचा संत.
लहानपणी या दिवशी पाद्री
दोन मेणबत्त्यांची फुली गळ्याशी धरायचा,
मेणाचा वास यायचा, आणि मला हसू.

चर्चमध्ये मी चाळीस वर्षांत गेले नाही.
पेटीवर दुसरा दिवा लावलाय, शंभर वॅटचा.
काटा बत्तीसवर.
विजेचं बिल आलंय,
पाकीट फोडलं नाही अजून.
पाण्याच्या वाडग्याखाली दाबून ठेवलंय,
तिच्या.