गावाचा रकाना

प्रोफेसर हार्टमुट क्लाइनाउ आमच्याकडे अकरा दिवस होते,
जेल रोडच्या दोन खोल्यांत, गॅलरीतल्या लोखंडी खाटेवर,
पाय मच्छरदाणीच्या बाहेर.
ऋजुताचे सर. लॉ कॉलेजात व्याख्यानं द्यायला आलेले.
गेस्ट हाउस नको म्हणाले, कारण तिनं सांगितलं होतं,
मावशी प्रेसमध्ये आहे,
पासपोर्ट छापतात तिथे.

चाळीस वर्षं या माणसानं एकच विषय धरला:
ज्यांना कुठलाच देश आपलं म्हणत नाही, ती माणसं.
आठशे पानांचा ग्रंथ, चार आवृत्त्या, परदेशच्या कोर्टांत दोन खटले.
एक हरला.
एक जिंकला, आणि निकालाचा कागद छावणीत पोचला
तेव्हा अशिलाला जाऊन सात महिने झाले होते.
हे त्यांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं.
मी ठेच्याची वाटी पुढे सरकवली. दुसरं काय करणार.

तुम्ही नेमकं काय करता? मला विचारलं.
मोजते, म्हटलं. कोरी पुस्तकं.
एक कमी भरलं की गेट बंद.
दिवसपाळी घरी जात नाही, रात्रपाळी आत येत नाही,
टेबलाखाली, कचऱ्यात, डब्यांच्या पिशव्यांत शोधाशोध.
छापून नाव पडलेल्यापेक्षा कोरं आम्ही जास्त जपतो.
ऋजुतानं भाषांतर केलं.
घास हातात धरून ते काहीतरी बोलले.
ते तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं:
माणूस कमी भरला तर कुठलं गेट बंद होतं?

माझा पासपोर्ट बघायचा होता त्यांना.
नाहीच, म्हटलं. कुठं जायचंय मला?
इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

आत नेणं शक्यच नव्हतं.
रोज भोंग्याच्या वेळी समोरच्या टपरीवर उभे राहायचे,
सुटलेल्या सायकली, स्कूट्या बघत,
जत्रेत पोरगं रहाटपाळणा बघतं तसे.

निघायच्या आदल्या दिवशी मामाच्या कामासाठी
पंचवटीत आमच्या उपाध्यांकडे गेलो, तेही आले.
गायधनी गुरुजींनी लांबट वही उलगडली:
आजा, पणजा, खापरपणजा, कोण कुठल्या साली आलं, सोबत कोण.
सरांनी हात मागे बांधले, वाकले, न कळणारं वाचलं.
याला परवानगी कोण देतं? शिक्का कुणाचा?
शिक्का कसला, गुरुजी म्हणाले,
माणूस येतो, सांगतो, मी लिहितो.
तुमचं लिहू?
हार्टमुट. वडील ओट्टो. आजोबा विल्हेल्म.
गाव?

तिथं अडलं.
ते सात वर्षांचे असताना आईनं हातगाडीवर शिवणयंत्र टाकलं
आणि चालायला लागली.
मागं राहिलेलं गाव वेगळ्या भाषेत बोलू लागलं,
पाटीवरचं नाव दोनदा खरवडलं गेलं.
पुढची तीन वर्षं खिशात कागद नाही,
गळ्यात दोऱ्यानं बांधलेला आकडा फक्त.
कुठलं लिहायचं, तेव्हाचं की आताचं?
आठशे पानांत कुठेतरी असेल. जिभेवर नव्हतं.
गुरुजींकडे पुढची मंडळी ताटकळत होती.
राहू दे, म्हणाले, जागा सोडतो. मुलं येतील, भरतील.
सरांना मुलं नव्हती.
ऋजुतानं हे वाक्यही भाषांतरात गाळलं.

ते गेले ते फेब्रुवारीत, गोटिंगनला, झोपेत.
पाचवी आवृत्ती ऋजुतानं आणून दाखवली.
पान सहाशे अकरा, खाली बारीक अक्षरांत:
नाशिकच्या एका मोजणाऱ्या बाईंनी मला सांगितलं, की…
माझं नाव नाही.
मला राग आला, खोटं कशाला बोलू.
जन्मभर बिननावाच्या लोकांसाठी भांडले, आणि मी 'एक बाई'?
ऋजुता म्हणाली, अगं, नाव लिहिलं असतं
तर तुझ्या नोकरीवर आलं असतं. त्यांनी मला दोनदा विचारलं होतं.

रिटायर झाल्यावर एकदा गेले पंचवटीत.
गुरुजींच्या मुलाला ती वही काढायला लावली.
हार्टमुट, ओट्टो, विल्हेल्म. पुढं रिकामं.
काही भरायचंय का, आजी?
जुन्या सवयीनं मी बोट टेकवलं.
एक. कोरा.
नको, म्हटलं. बरोबर भरलाय.