गेल्या वर्षीचा रंग

नागपंचमीला पाट येऊ लागतात.
कुणाचा फणसाचा, कुणाचा सागाचा,
एकाचा तर जुन्या दाराचा, बिजागरीची भोके तशीच.
मागे खडूने नाव.
मी ते भिंतीला टेकवून ठेवते.

कुंभारजुव्यात श्रावणात माती वाळत नाही.
डिचोलीची चिकण माती पंख्याखाली दिवसभर
हट्टी पोरासारखी ओलीच बसते.
रात्री मी ओळींमधून करवंट्यांची धग फिरवते.
धुरात चाळीस देव, अजून डोळे नसलेले.
खोकत नाहीत एवढेच.

हे रंगवतात, मी कालवते.
चौतीस वर्षे हीच वाटणी:
करट्यांमधून पिवडी, सफेता, हिंगूळ,
डिंकाचे पाणी बोटाला चिकटेल इतपत.
अंगाचा रंग मात्र तेच जुळवतात.
त्यात मी हात घालत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता.
भात पिवळा दिसतो म्हणाले, तांदूळ जुना असेल.
धोतर पिवळे दिसते म्हणाले, साबण बदल.
मी साबण बदलला.

आणि अंगाच्या रंगातली पिवडी
रोज चिमूटभर कमी होत गेली.
चवथीच्या आदल्या दिवशी चित्रशाळेत
निळसर देवांची रांग बसली होती,
गाल पहाटेच्या खाडीसारखे.
मी पाहिले.
बोलले नाही.

लोक आले, पाट उचलले, विडा-दक्षिणा ठेवली.
देवाला नावे कोण ठेवणार?
माटोळीखाली, कांगलांच्या लाल झुंबराखाली
ते दीड दिवस बसले, पाच दिवस बसले,
मग सांगोडावरून पाण्यात गेले.
खाडीने सगळे पोटात घातले.

मार्गशीर्षात बांबोळीला ऑपरेशन.
पट्टी सुटली तेव्हा आधी माझ्याकडे पाहिले:
"तुझे केस कधी पांढरे झाले?"
मग खिडकीबाहेर, खूप वेळ:
"आभाळ एवढे निळे असते?"
आता विचारतील, मला वाटले.
नाही विचारले.

औंदा खांडोळ्याचा शांबा परब पाट घेऊन आला.
बोलका नव्हेच तो. जाताना उंबऱ्यावर अडला.
"मास्तर, रंग गेल्या वर्षीचाच करा."
"कसला रंग?"
"तोच. आई म्हणते, देव चांदण्यात बसल्यासारखा दिसायचा."
आणि मोबाईल पुढे धरला.

मी आत जाऊन चहा ठेवला,
कुणी मागितला नव्हता.

संध्याकाळी कुंचला धुता धुता:
"तुला दिसत होते?"
"होय."
"कधीपासून?"
"पहिल्या करटीपासून."
ते कुंचला धूतच राहिले.
पाणी केव्हाच स्वच्छ झाले होते.

दोन दिवस तो रंग येईना.
निरोगी डोळ्यांना तो चुकवताच येत नव्हता.
कधी मोरपिशी व्हायचा, कधी राखेसारखा.
तिसऱ्या दिवशी शेजारच्या नातवाकडून
त्यांनी लिमलेटच्या गोळ्यांचे पिवळे कागद मागून आणले,
चष्म्याच्या दोन्ही काचांवर डिंकाने चिकटवले,
आणि करटी माझ्यासमोर सरकवली.
"मला आता बरोबरच दिसणार. तू सांग."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा
अंगाच्या रंगाबद्दल.

"अजून चिमूटभर कमी," मी म्हटले.
"अजून थोडी."
"बस."

चाळीस हळदीच्या अंगाचे, दाराशी एक निळा.
त्याचे डोळे आखायला मात्र चष्मा पुसून घेतला,
एका श्वासात डावा, एका श्वासात उजवा.

ते निजल्यावर मी केरातून एक कागद शोधला,
सुरकुत्या काढल्या, डोळ्याशी धरला,
आणि दिवा उचलून शांबाच्या देवासमोर उभी राहिले.

पिवळसर, उबदार, नेहमीसारखा.
चूक कुठेच नव्हती.