दहा वाव

माणसानं दोन्ही हात आडवे पसरले
की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव.
लाडू मेतर बुटका होता.

त्यानं सुंभाच्या दोरीला आपल्याच हातांनी मोजून
दहा गाठी मारल्या, टोकाला शिशाचा गोळा,
आणि शाळेच्या पायरीशी येऊन म्हणाला,
"मास्तर, लिवा अर्ज."

मिठखोलच्या एका खोलीत चार इयत्ता,
खडूची भुकटी, फळ्यापर्यंत आलेला खारा वारा,
तिथं बसून मी लिहिले एकोणसाठ अर्ज:
दहा वावांच्या आत ट्रॉलर शिरतात,
जाळी तोडून नेतात,
रापणीला नुसता कचरा येतो,
तरी मेहेरबान साहेबांनी…

कचेरीत विचारलं, नाव?
लाडू.
साहेब हसले. साहेब हसले म्हणून शिपाई हसला.
तोही हसला. म्हणाला,
"बारशाक गूळ नव्हतो, म्हणान नाव तरी गोड ठेवल्यानी."

मग त्यांनी त्याच्या दोरीला पोलादी टेप लावली.
दोरी भरली सरकारी पावणेनऊ.
म्हणजे इतकी वर्षं
सव्वा वाव समुद्र आम्ही फुकट सोडत आलो होतो.
तो आपल्या हातांकडे बघत राहिला,
पोरानं चूक करावी आणि बापानं बघावं तसा.
गाठी मात्र बदलल्या नाहीत.
"तेवढो ऱ्हवांदे तेंका."

त्या कार्तिकातल्या रात्री
तीन होड्यांनी घेरून एक ट्रॉलर ओढून आणला.
खलाशी सात.
दोघांना आपली भाषा येईना, एकाला मिसरूडही नव्हतं.
रॉकेलचा डबा जनी तारीच्या हातात;
तिचं जाळं चौथ्यांदा गेलेलं,
व्याज अजून पहिल्या जाळ्याचंच चालू.
लाडू नाळीवर चढून बसला.
"जाळूचा तर माझ्यासकट जाळा.
ह्या पोरांकय आवशी आसत."

उजाडेपर्यंत बसला.
कुणी थुंकलं.
कुणी म्हणालं, पाकीट पोचलं.
वाडीत पुढं महिनाभर
त्याच्या दारात कुणी बांगडा टाकला नाही.

ट्रॉलरवाल्यानं फिर्याद दिली.
बेकायदा जमाव, दंगल, जाळपोळीचा प्रयत्न,
आरोपी क्रमांक एक: लाडू.
आरोपी क्रमांक चार: जनी.
अकरा वर्षं एकाच एसटीनं तारखेला,
कोर्टाबाहेर एकाच बाकाची दोन टोकं.
तिसऱ्या वर्षी तिनं डबा उघडला,
अर्धी भाकरी आणि सुकटीची चटणी
बाकावरून त्याच्याकडे सरकवली.
बोलली नाही.

तो गेला तो दगडानं नाही, काठीनं नाही.
कावीळ.
'आरोपी क्र. १ मयत, सबब कारवाई बंद.'
नक्कल मी आणली, शिक्क्याची शाई ओली होती,
बोटाला लागली.

पहिल्या वर्षश्राद्धाला नाक्यावर बॅनर लागला,
आठ पुढारी मोठे, तो कोपऱ्यात.
जेटीला त्याचं नाव द्यायचं ठरलं होतं.
जेटी झाली नाही.
पुतण्या रत्नागिरीला पर्ससीनवर आहे,
पैसे पाठवतो, घरात टाइल्स बसल्या.
मी त्याला बोल लावत नाही.
लाडूनंही लावला नसता, बहुधा.
खात्री मात्र नाही.
रापण ओढली की विधवांचा वाटा
आजही आधी बाजूला पडतो,
हे त्यानं सुरू केलं की त्याच्या आजानं,
यावर मांडावर अजून भांडण होतं.

परवा रात्री दर्यावर दिव्यांचं शहर पेटलं होतं,
इतका उजेड की मासळीनं दिवस समजावा.
मला होडीत घेतलं, साक्षीदार म्हणून.
जनीची नात, अकरावीतली, नाळीवर उभी.
सुंभ कधीच कुजला, आता नायलॉन,
पण गाठी जुन्या दोरीला लावून मारलेल्या,
त्याच आखूड हातांच्या.
शिसं तळाला टेकलं.
ओली दोरी तिनं बोटांनी चाचपत मोजली.
"मास्तर, साडेसहा."

मोबाईलच्या उजेडात मी कागद गुडघ्यावर धरला.
साठावा अर्ज.
तारीख घातली.
मग बराच वेळ
पुढं काही सुचेना.