मधला अणू

ताळगावच्या पठारावर, तळमजल्याच्या खोलीत
एक पोलादी पिंप आहे, ज्यात काहीच नाही.
ते काहीच नसणं टिकवायला
तीन पंप रात्रंदिवस घरघरतात,
आणि कायतान दर दोन तासांनी येऊन
दाबाचा आकडा वहीत उतरवतो,
शेजारी पेन्सिलीनं लिहितो: बरें आसा.

त्या पोकळीत नखाएवढं तांबं.
आरगॉनच्या आयनांनी मी ते खरवडते,
मंद लाल होईस्तोवर तापवते,
पुन्हा खरवडते. सात फेऱ्या.
चवथीआधी आई भाण घासायची
परसातल्या बिंबलांनी,
हाताला आंबट वास, नखांच्या कडा हिरव्या.
दुसऱ्या दिवशी भाणावर कुणाची तरी बोटं उमटलेली असायचीच.
तांबं एकटं राहत नाही, म्हणायची,
रागानं नव्हे.

रेणू पांढऱ्या पुडीत येतात.
तीन कडी एका ओळीत,
दोन्ही टोकांना एकेक ब्रोमीन.
हॅलोजन म्हणजे मीठ घडवणारा
असं सरांनी फळ्यावर लिहिलं तेव्हा
वर्गात मी एकटीच हसले होते.
बाबा आगरवाड्याच्या मिठागरात.
मीठ ओढून झालं की वाफ्यात उरायचं
कडू पाणी, जिभेला लावलं तर चरचरणारं.
ब्रोमीन त्यातच असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.
ते मानशीची फळी उचलायचे
आणि ओहोटीबरोबर त्याला शापोऱ्यात सोडून द्यायचे.

तांब्यावर उतरताच ब्रोमीन सुटतो.
त्याला आग लागत नाही,
खोलीची ऊब पुरते.
मग दोन उघडी टोकं एकमेकांना धरतील,
असं मी प्रस्तावात लिहिलं होतं.

पहाटे चारला पडद्यावर साखळी आली.
पण कड्याकड्यांमध्ये अंतर जास्त,
आणि प्रत्येक अंतरात एक उजळ ठिपका.
डॉक्टर केंकरे म्हणाले, सुईचा दोष आहे, सुई बदल.
मी तीनदा बदलली.
ठिपका तिथेच.
तांब्याचाच एक अणू
जमिनीतून उठून मध्ये येऊन बसला होता,
एक हात याच्या हातात, एक त्याच्या.

कायतान चहा घेऊन मागे उभा होता.
कोण हो मदलो? त्यानं विचारलं.
मी सांगितलं.
तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला,
नेवऱ्याला त्याचे दोन भाऊ, एका घरात दोन चुली,
मध्ये भिंत. अकरा वर्षं
याची कढी त्याच्याकडे, त्याचा निरोप याच्याकडे
हाच नेत होता, कुंपणाच्या बाजूनं.
आणि पुढे?
पुढे काय, मी म्हटलं, दोनशे अंशांवर दहा मिनिटं.

दोनशे अंशांवर दहा मिनिटं.
थंड झाल्यावर पाहिलं:
ठिपके नाहीत. कडी कड्यांना थेट जोडलेली,
आता ती जोड सहजी तुटायची नाही.
मधला अणू कुठे गेला ते यंत्र सांगत नाही.
तो तांब्यात परत मिसळला,
आणि तांब्यात तांबं शोधायचं कसं?

ब्रोमीन मात्र दिसत होते.
साखळ्यांच्या दोन्ही अंगांना ओळीनं बसलेले,
लग्नघराबाहेरच्या चपलांसारखे.
सुटले होते, गेले नव्हते.
मी आणखी तापवलं असतं तर
हायड्रोजनला धरून तेही उडाले असते.
नाही तापवलं.

कायताननं वही ओढली, आकडा लिहिला.
दोगूय आतां उलयतात, तो म्हणाला,
भिंत पाडली गेल्या मे महिन्यात.
म्हाका कोण आपयना.
पंपांची घरघर. वहीत आकड्याशेजारची जागा
त्यानं तशीच कोरी ठेवली,
मग दारापर्यंत जाऊन परत आला
आणि पेन्सिल शोधू लागला.