बळाचा रकाना

माझ्या फायलीत दोन रकाने आहेत.
डावीकडे तक्रार, उजवीकडे बळ.
डावा नेहमी पानाबाहेर सांडतो.
उजव्यासाठी उकरावं लागतं,
उन्हाळ्यात तापीच्या वाळूत झिरा उकरावा तसं:
आधी नुसती ओल, मग गढूळ, मग थांबायचं.

भुसावळ. जामनेर रोड. मेडिकलच्या वरची खोली.
मे महिना; कूलर वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त फेकतो.
"नाव?"
"सुपडू झोपे. आडनाव झोपे,
अन् तीन महिने झाले, डोळ्याले डोळा नही."
मी हसले नाही, पण उजवीकडे लिहून टाकलं:
स्वतःवर विनोद करता येतो.

चौतीस वर्षं यार्डात.
गाडी थांबली की हातोडी घेऊन
चाकामागून चाक ठोकत जायचं, आणि ऐकायचं.
फेब्रुवारीत हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
आता रात्री दोनला जाग येते,
यार्डाच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहतात.
शिपाई ओळखीचा, चहा पाजून घरी धाडतो.

मग ते, जे बायकोलाही सांगितलं नव्हतं:
"एक चाक सुटलं माझ्या कानातून.
मालगाडी होती. तीन डबे घसरले. मेलं कोणी नही.
चौकशीत माझं नावही नही आलं."

मी विचारलं, मला शिकवलंय तसं,
"आणि जी सुटली नाहीत, ती किती?"
ते पेरांवर मोजू लागले,
पाळ्या, गाड्या, डबे, डब्याला आठ...
मग हात मांडीवर ठेवला.
"आकडा मोठा येतो, मॅडम.
पण त्या एकाले तो झाकत नही."

खरं होतं.
बळ म्हणजे पांघरूण नव्हे,
हे मला माझ्याच खुर्चीत बसून कळत होतं.

म्हणून दुसरं विचारलं,
पुस्तकातलं नाही, खरंच माहीत नव्हतं म्हणून:
"तडा ऐकू कसा येतो हो?"

माणूस पहिल्यांदा पुढे सरकून बसला.
"तडा कोणी शिकवत नही.
उस्तादानं सहा महिने नुसती धड चाकं ऐकवली मले.
धड चाक टण्ण करते, अन् ते टण्ण लांबते.
ते एकदा कानात मुरलं
की बाकीचं आपोआप खटकते."

तेवढ्यात लाईट गेली, कूलर थांबला.
त्या शांततेत ते उठले.
माझ्या पेनानं टेबल ठोकलं,
लोखंडी कपाट, खिडकीचा गज,
शेवटी माझा चहाचा कप.
मान तिरकी. डोळे मिटलेले.
"याले तडा आहे."
"टाकून देऊ?"
"कायले? वरच्या काठाले आहे.
थोडा कमी भरत जा."

उजव्या रकान्यात तेव्हा काही लिहिलं नाही.
पेन त्यांच्या हातात होतं.

पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत.
दिवसभर वाटत राहिलं, माझ्याही कानातून काही सुटलं.
त्याच्या पुढच्या मंगळवारी आले,
पिशवीत दोन भरताची वांगी.
झोप?
"दोन तास. पण सलग."

डावीकडे ते एक चाक अजून आहे.
खोडू का, मी विचारलं.
"राहू द्या," म्हणाले,
आणि खुर्चीत बसायच्या आधी
कप ठोकून पाहिला.