आधी पाय वर

मी फेरीबोटीवर इंजिनं बघतो,
हेल्टरमा ते रोहुकुला, दिवसाला चार खेपा.
सुरांतलं मला ओ की ठो कळत नाही.
पण बेटावर ज्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर
तोच सगळ्यांचा डॉक्टर,
म्हणून शनिवारी दुपारी लेइडाबाईंचा फोन:
'ऑर्गन थांबत नाहीये.'

ऑर्गन म्हणजे खरा नव्हे.
खऱ्याच्या भात्यात उंदरांनी संसार थाटलाय.
आता वेदीच्या डावीकडे एक काळा कीबोर्ड,
त्याला जोडलेला पाद्रीबाबांचा जुना लॅपटॉप,
आणि लॅपटॉपच्या पोटात
कुठल्याशा थोरल्या कॅथेड्रलचा आवाज,
तुकड्यातुकड्यांनी साठवलेला.

आत बाहेरच्याहून जास्त थंडी.
बोटं कापलेले हातमोजे घालून त्या बसलेल्या.
एक पट्टी दाबली, सोडली.
सूर राहिला.
दुसरी दाबली, सोडली.
तोही राहिला.
पाच-सहा सूर छताखाली दाटीनं उभे,
दार न सापडणाऱ्या पाहुण्यांसारखे.

मी आपला इंजिनवाला.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची.
केबल काढून माझ्या फोनची लावली.
कीबोर्डचा दिवा लागला,
पण लॅपटॉप ओळखच देईना.
अर्धा तास गेल्यावर उमगलं,
ही वायर फक्त वीज नेते, निरोप नेत नाही.
'मेरिके तुझ्याबद्दल हेच सांगते,'
लेइडाबाई म्हणाल्या.
मी मुकाट्यानं जुनी केबल परत लावली.

पाद्रीबाबांनी ड्रायव्हर काढून पुन्हा घातला,
मनातल्या मनात प्रार्थनाही घातली असावी.
'सगळे सूर बंद' असं एक बटण सापडलं.
दाबलं की शांतता,
पुढची पट्टी दाबली की पुन्हा तेच.

मग एक खिडकी उघडली,
कीबोर्ड काय बोलतो ते जिच्यात आकड्यांनी उमटतं.
मला वाटायचं, यात सूर असतो.
नसतो.
तो फक्त कळवतो:
साठ नंबरची दाबली. इतक्या जोरात.
साठ नंबरची सोडली.
'सोडली' दर वेळी येत होतं, वक्तशीर.
पट्ट्यांचा दोष नव्हता.

पण मधूनच एक वेगळी ओळ,
चौसष्ट, आणि तिच्यापुढे कधी शून्य,
कधी एकशे सत्तावीस.
मी वाकून टेबलाखाली बघितलं.
बाईंचा पाय पेडलवर टेकला, शून्य.
पाय उचलला, एकशे सत्तावीस.
नेमकं उलटं.

'हे चालू कोण करतं?'
'एंडेल करायचा, भिंतीशी उभा राहून.
ऑक्टोबरात तो तुर्कूला गेला,
तिथल्या गोदीत काम मिळालं त्याला.
तेव्हापासून मीच.
आधी बसते, मग हात लांबवते.'
'आणि पाय?'
त्यांनी खाली बघितलं.
लोकरी बूट पेडलवर,
जसं मांजर आपल्या उशीवर.
'पाय कुठे जाणार? गुडघा दुखतो माझा.'

हे यंत्र डोळे उघडताना
पेडल ज्या स्थितीत दिसेल
तिलाच 'सोडलेलं' धरून चालतं.
चार महिने त्यानं
बाईंच्या पायाचा भार म्हणजे मोकळीक
आणि मोकळीक म्हणजे भार समजलं होतं.
मला काही ते वेडगळ वाटलं नाही.

बंद केलं. दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीवर.
चालू केलं. दहापर्यंत मोजलं.
एक पट्टी दाबली, सोडली.
सूर गेला.
छपरावरून बर्फाची एक लाद घसरली,
तेवढाच आवाज.

'म्हणजे माझाच पायगुण!'
बाई इतक्या हसल्या की हातमोज्यानं डोळे पुसले.
पाद्रीबाबांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं:
आधी पाय वर.
इन्सुलेशन टेप माझीच लागली.
मोबदला म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेले
तीन धुरावलेले मासे मिळाले.

रविवारी मी ड्यूटीवर,
उपासना कशी झाली ठाऊक नाही.
अकराच्या खेपेला धक्का जवळ येत होता,
इंजिन मंदावताना, उगाच,
मी खाली बघितलं,
माझा पाय कशावर आहे.